उरलेले दहा टक्के

मसाला भरलेल्या अंड्यांच्या डब्याखाली, फडक्यात गुंडाळून, रमोनाने स्क्रू-ड्रायव्हर आणला होता. डबा टेबलावर ठेवताना तो खणकन वाजला.

"अंडी उकडलीस की लोखंडाची ओतलीस?" आर्व्हिलकाकांनी विचारलं.

"चमचे आहेत खाली," ती म्हणाली. अठ्ठावीस वर्षं काउंटीच्या कचेरीत खिडकीमागे बसून लोकांची खोटी कारणं ऐकलेली बाई इतक्या सहज खोटं बोलली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मे महिन्याचा तिसरा रविवार म्हणजे स्टिडम घराण्याचा कबरींचा रविवार. सकाळी दंताळी, फावडी घेऊन टेकडीवर यायचं, वर्षभराचा पाचोळा ओढायचा, खचलेल्या कबरींवर माती चढवायची, फुलं ठेवायची. आणि दुपारी कबरींच्याच मधोमध फळ्यांची टेबलं मांडून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. होबार्ट स्टिडम, म्हणजे रमोनाचे वडील, पाच वर्षांपूर्वीपर्यंत टेबलं मांडायला असायचे. आता ते तिसऱ्या ओळीत, देवदाराच्या बाजूला होते.

शुक्रवारी सकाळी नदीपलीकडच्या काउंटीतल्या कचेरीतून एका ट्रॅक्टरच्या कागदाबद्दल फोन आला होता. काम संपल्यावर पलीकडची बाई म्हणाली, "आणि हो, अभिनंदन हं. काय गोड दिसत होत्या तुझ्या आई. निळा ड्रेस घातला होता." रमोनाने आभार मानले, फोन ठेवला आणि समोरच्या माणसाचं लायसन्स दोनदा तपासलं. या राज्यात लग्नाचा परवाना आणि गाडीची नंबरप्लेट एकाच खिडकीवर मिळते. सत्तर वर्षांच्या आईला, डेल्फाला, थर्मन गेंट्रीशी लग्न करायचं होतं, तर परवाना लेकीच्याच हातून घ्यावा लागला असता. म्हणून ती नदी ओलांडून गेली होती.

लग्नाचं रमोनाला दुःख नव्हतं. थर्मन बरा माणूस होता. चाळीस वर्षं पशुखाद्याचं दुकान चालवलेला, विधुर, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाणारा. तिचा जीव अडकला होता तो आईच्या ट्रकच्या मागच्या पाटीत. त्या पाटीवर नंबराखाली 'अपंगत्व आलेला माजी सैनिक' अशी ओळ होती. ती बाबांची पाटी होती. सैनिक गेल्यावर पाटी बायकोला ठेवता येते. तिने दुसरं लग्न केलं, की तीस दिवसांत परत. पाच वर्षांपूर्वी आईची त्या अटीच्या कागदावर सही रमोनानेच घेतली होती.

आणि गारलंडला, तिच्या धाकट्या भावाला, यातलं काही माहीत नव्हतं.

तो बाबांच्या कबरीवर दंताळं ओढत होता. चव्वेचाळीस वर्षांचा, इराकहून गुडघा आणि दोन्ही कान गमावून आलेला. बायको मुलीला घेऊन ओहायोला गेल्यापासून आईच्या घरामागे, घळीच्या तोंडाशी ट्रेलर-घरात राहणारा. जोराचं काही बोललं तर हसायचा, हळू बोललं तर मान हलवायचा.

"हे बघ," आर्व्हिलकाका म्हणाले, "याच्या दंताळ्याला दोन दात कमी आहेत. अशानं कसा पाला निघणार?"

"काका, तुमच्यापेक्षा बारा जास्त आहेत," गारलंड म्हणाला.

काकांनी तोंड मिटून हसून घेतलं. तेवढ्यात खालच्या वळणावर आईचा ट्रक दिसला. चालवत आई होती आणि शेजारी थर्मन, मांडीवर केकचा मोठा डबा धरून, कोणी बाळ सांभाळायला दिल्यासारखा.

"आला सपाट तळव्यांचा," काका पुटपुटले. "सैन्यानं म्हणे तळवे सपाट म्हणून परत पाठवला. आणि त्याच तळव्यांवर चाळीस वर्षं शंभर शंभर पौंडांची पोती वाहिली. आता होबार्टच्या सीटवर बसतोय."

"होबार्टच्या सीटवर आई बसलीय," रमोना म्हणाली. "ते बाजूच्या सीटवर आहेत."

"तू नियम सांगू नकोस मला."

ट्रक थांबला. गारलंडने दंताळं ठेवलं, बादलीत फडकं पिळलं आणि तो सरळ ट्रकच्या मागे गेला. दर वर्षी हेच. आईला हाक मारण्याआधी, डबे उतरवण्याआधी तो उकिडवा बसायचा, गुडघा कुरकुरला की शिवी द्यायचा, आणि पाटी पुसायचा. आधी अक्षरं, मग कोपरे, मग चार स्क्रूंच्या भोवतीची धूळ. रमोनाला वाटलं, आत्ताच जावं आणि सांगावं. पण तिच्या हातात मेणाच्या गुलाबांची टोपली आली. क्रेप कागदाचे गुलाब वितळलेल्या मेणात बुडवून करायची जुनी रीत घराण्यात आता एकट्या आईला येत होती.

"पांढरे तुझ्या बाबांना," आई म्हणाली. "बाकी वाटून टाक." मग आवाज खाली आणून, "तुला कळलंय. चेहऱ्यावर दिसतंय."

"शुक्रवारी कळलं."

"त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. जेवताना सांगणार आहे मी. तोवर गप्प बस."

"आई, पाटीचं..."

"पाटीचं मला माहीत आहे. सही माझी आहे."

रमोनाने पांढरे गुलाब नेऊन ठेवले. दगडावर नाव, पलटण, दोन तारखा. एवढ्यात त्या माणसाचं काय मावणार? बाबा व्हिएतनामहून मांडीत लोखंडाचे तुकडे घेऊन आले, तेव्हा सैनिकांच्या खात्याने त्यांना तीस टक्के अपंग ठरवलं. पुढे कानांचे दहा मिळाले. चाळीस. पाटीला लागतात पन्नास. सत्तावीस वर्षं बाबा चाळीसवर थांबले होते. खात्याचा डॉक्टर विचारायचा, "आणखी काही त्रास?" बाबा म्हणायचे, "नाही साहेब."

पाटी मिळाल्यावरही त्यांनी कधी दुकानासमोरच्या अपंगांच्या जागेत ट्रक लावला नाही. लांब, मैदानाच्या टोकाला लावायचे आणि लंगडत यायचे. "ती जागा खऱ्या गरजूंसाठी आहे." मग पाटी हवी कशाला, असं रमोनाने एकदा विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. महिन्याभराने पेट्रोलपंपावर तिला ते मिळालं. मागून एक अनोळखी म्हातारा आला, त्याने पाटी वाचली, शेजारी गाडी लावली आणि स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. बाबांनीही दोन उचलली. घरी येईपर्यंत बाबा शीळ घालत होते. त्यांची शीळ तिने त्याआधी ऐकलीच नव्हती.

जेवणाची प्रार्थना काकांनी केली आणि ती नेहमीप्रमाणे लांबवली. कोंबडी गार झाली. मग मक्याची भाकरी, डुकराच्या चरबीत परतलेली कोवळी पालेभाजी, राजमा, सगळं फिरलं. अंडी आधी संपली. शेवटी आईने डबा उघडून केक मधोमध ठेवला. सुकवलेल्या सफरचंदांच्या लगद्याने सांधलेले पातळ थर, एकावर एक, अकरा.

काका सुरी घेऊन उठले आणि थबकले. या डोंगरात असा थरांचा केक लग्नाला करतात. शेजारणी आपापल्या घरून एकेक थर भाजून आणतात आणि नवरीच्या घरी तो रचतात.

"कुणाचं लग्न आहे?" काकांनी गमतीने विचारलं.

"माझं," आई म्हणाली. "झालं. नऊ तारखेला."

थर्मन गेंट्री उभे राहिले, मग आपण का उभे राहिलो ते न कळून बसले.

"थर सगळे मीच भाजले," आई म्हणाली. "कुणाला सांगितलंच नव्हतं, मग आणणार कोण? काप, आर्व्हिल. घट्ट झालाय."

"दहा दिवस झाले." काकांनी सुरी खाली ठेवली. "दहा दिवस हा माणूस माझ्या भावाच्या पाटीच्या गाडीत फिरतोय. आणि आज इथे, त्याच्या पायाशी, केक खायला आलाय."

"पायाशी नाही, आर्व्हिल," थर्मन शांतपणे म्हणाले. "मी मुद्दाम टेबलाच्या त्या टोकाला बसलो होतो. डेल्फाने इकडे बोलावलं."

"तुझे तळवे..."

"उजवा सपाट आहे. डावा ठीक आहे. हवं तर जोडा काढतो."

कुणाची तरी सून फिस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात घेतला.

गारलंड हसला नाही. तो आईच्या ओठांकडे बघत होता. गर्दीत त्याला तसंच ऐकावं लागायचं. "लग्न केलंस," तो म्हणाला. "बरं केलंस." मग थोडं थांबून, "मग राहणार कुठे?"

"थर्मनकडे. मंगळवारपासून."

"म्हणजे चार मैल."

"साडेचार."

त्याने मान हलवली आणि ताटातला राजमा चमच्याने एका बाजूला सारला.

काका मात्र आता वेगळ्याच दिशेला निघाले होते. "डेल्फी, एक मिनिट. सैनिकाच्या विधवेनं लग्न केलं की पाटी जाते. बरोबर ना, रमोना? मला माहीत आहे, आमच्या लष्करी क्लबातल्या पर्लीची गेली." त्यांनी आवाज उतरवला. "पण हा कागद झाला नदीपलीकडे. तो तिथेच राहील. तुझ्या खिडकीवर कुणी काही आणून दिलेलं नाही. तू काही पाहिलेलं नाहीस. हो की नाही?"

दोन मिनिटांपूर्वी ज्यांना हे लग्न नको होतं, त्यांना आता ते झालंच नव्हतं असं हवं होतं.

"मला हे चालणार नाही," थर्मन म्हणाले. "मी त्या ट्रकमध्ये बसतो तेव्हा मान खाली घालून बसतो. परवा सिग्नलला एका पोरानं मला सलाम केला. मला! मी हात मांडीखाली घेतला. रमोना, ती पाटी आजच घेऊन जा."

"तू मध्ये बोलू नकोस," काका म्हणाले.

"मग कोण बोलणार? तिचा नवरा आहे मी."

"एवढा वाद कशाला?" गारलंडचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. कान गेल्यापासून त्याला अंदाज राहत नसे. "ट्रक माझ्या नावावर करा. पाटी माझ्याकडे येईल. मीही जाऊन आलोय. मीही टक्केवाला आहे. मोना, सांग ना त्यांना. तू म्हणाली होतीस."

सगळं टेबल तिच्याकडे वळलं.

दर वर्षी, पाटी पुसून झाल्यावर, तो तिला विचारायचा, "पुढेमागे ही मला मिळेल ना?" आणि दर वर्षी ती म्हणायची, "बघू." खिडकीवर आलेल्या शेकडो माणसांना तिने डोळ्याला डोळा भिडवून नाही म्हटलं होतं. टक्के कमी असलेल्यांना, गाडी पुतण्याच्या नावावर असलेल्यांना, खात्याचं पत्र हरवलेल्यांना. एकालाही तिने 'बघू' म्हणून घरी पाठवलं नव्हतं. तो शब्द तिने एकट्या भावासाठी राखून ठेवला होता, आणि त्याला ती इतकी वर्षं माया समजत होती.

"नाही मिळत," ती म्हणाली. "पाटी खाली उतरत नाही, गारलंड. मुलाकडे नाही, भावाकडे नाही. सैनिकाची, त्याच्यामागे बायकोची, आणि मग परत. तुला पाटी मिळू शकते, पण ती तुझ्या स्वतःच्या टक्क्यांवर."

"मला चाळीस आहेत."

"पन्नास लागतात."

"बाबांनाही चाळीसच होते."

"सत्तावीस वर्षं होते. म्हणून सत्तावीस वर्षं पाटी नव्हती."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

त्याने रुमालाची नीट घडी घातली. "पाच वर्षं मी ती पुसतोय," तो म्हणाला. "तुझ्या समोर." मग तो उठून ट्रककडे चालू लागला. उताराला गुडघा पुरता वाकत नसल्यामुळे त्याला तिरकं चालावं लागत होतं, आणि त्यामुळे रागावून जाणंही त्याला नीट जमत नव्हतं.

"कर आता काहीतरी," काका रमोनाला म्हणाले. "नियमानं बोललीस. आता जा आणि माणसासारखं बोल."

रमोनाने डब्याखालचं फडकं घेतलं. खाली पोचली तेव्हा गारलंड ट्रकच्या मागच्या फळीला टेकून दरीकडे बघत होता.

"स्क्रू-ड्रायव्हर आणलास?" त्याने न वळता विचारलं. "काकांनी अंड्यांचा आवाज ऐकला, तेव्हाच कळलं मला. लोखंडाचा आवाज मला अजून येतो."

"मला तुला आधी सांगायचं होतं."

"पाच वर्षं आधी?"

ती त्याच्या शेजारी फळीला टेकली.

"मला ती मिरवायला नको होती, मोना," तो म्हणाला. "मला... ते दोन बोटांचं. माझ्या गाडीकडे बघून कोणी ते करत नाही. करणार कसं? साधी पाटी. पण आईचा ट्रक मी दुकानात नेला ना, की एखादा तरी करतो. मला वाटायचं, ते बाबांना करतायत आणि मी मध्ये बसलोय. बरं वाटायचं मध्ये बसायला."

मागून आई आली. तिच्या हातात पर्स होती, आणि चार पावलं मागे थर्मन, अंतर ठेवून.

"मलाही करायचे," आई म्हणाली. "पाच वर्षं अनोळखी माणसं मला बोटं उचलून दाखवतायत आणि मी त्यांच्या वतीनं उत्तर देतेय. पहिलं वर्ष चांगलं वाटलं. नंतर वाटायला लागलं, की मी त्यांच्या जागेवर बसून त्यांची वाट बघतेय. दमले मी, गारलंड. त्यांच्यावरचं प्रेम संपलं म्हणून नव्हे."

"मी काही म्हटलं का?"

"तू म्हणत नाहीस, हीच तर अडचण आहे. वडिलांचीही हीच होती." तिने पर्स उघडली. "त्यांना पन्नास टक्के कसे मिळाले, माहीत आहे?"

"खात्यानं पुन्हा तपासलं."

"तपासून काय होतं? डॉक्टर विचारायचा, हे 'नाही साहेब' म्हणायचे. शेवटी मी लिहिलं. बायकोला लिहिता येतं, घरच्या कुणालाही येतं, काय पाहिलं आणि काय ऐकलं ते. आठ पानं. झोपेत कुणाला हाका मारतात, पलंगाखाली काय शोधतात, माझा हात कसा धरतात आणि कधी ओळखत नाहीत. त्यांना न सांगता पाठवलं. पत्र आलं तेव्हा सहा आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मग पाटी आली. त्या दिवशी बाहेर जाऊन स्वतः लावली आणि आत येऊन म्हणाले, 'डेल्फी, सरळ बसलीय का बघ.' त्या विषयावर पुढे आम्ही कधी बोललो नाही."

रमोनाला हे माहीत नव्हतं. त्या फायलीचं वरचं पान, टक्क्यांचं, तिने स्वतः हाताळलं होतं. आतलं काही तिच्या खिडकीपर्यंत येत नसे.

आईने जाड पाकीट काढलं. वर गारलंडचं पूर्ण नाव होतं, तिच्या तिरक्या अक्षरात.

"हे काय?"

"तुझं."

त्याने हात पुढे केला नाही. "माझं काय लिहिणार तू? मी तर ट्रेलरमध्ये असतो."

"तीस पावलांवर. माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावरची खिडकी तुझ्या बाजूला आहे. थंडीतसुद्धा मी ती बोटभर उघडी ठेवते. तुला काय वाटलं, हवेसाठी?"

गारलंडचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. मग हळूहळू रंग उतरला.

"किती ऐकलंस?"

"अकरा पानं."

"बाबांची आठ होती."

"त्यांच्या वेळी मी झोपेतून जागी व्हायचे. तुझ्या वेळी जागीच असायचे."

त्याने बुटाने ट्रकच्या चाकाची माती खरवडली. टेबलापाशी कोणीतरी भजन सुरू केलं होतं आणि काका त्यात भलत्याच ठिकाणी शिरत होते.

"आता साडेचार मैलांवरून तुला ऐकू येणार नाही," तो म्हणाला.

"नाही येणार," आई म्हणाली. "म्हणूनच लिहून ठेवलं."

तिने पाकीट ट्रकच्या फळीवर ठेवलं. त्यावर हात ठेवून ती क्षणभर उभी राहिली आणि मग बाजूला झाली.

गारलंडने पाकिटाला हात लावला नाही. रमोनाकडे हात केला. "दे इकडे."

तिने स्क्रू-ड्रायव्हर दिला. तो उकिडवा बसला, गुडघ्याला शिवी दिली. वरचे दोन स्क्रू लगेच सुटले. खालचा डावा हलेना. त्याने जोर लावला, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घसरलं, बोटाला खरचटलं.

"तेल लागेल त्याला," थर्मन चार पावलांवरून म्हणाले.

"तेल कुठंय?"

थर्मननी कोटाच्या आतल्या खिशातून बोटभर डबी काढली. चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाच्या खिशात रविवारीही ती होती. ते जवळ आले, स्क्रूच्या मुळाशी दोन थेंब सोडले. चौघंही त्या दोन थेंबांकडे बघत राहिली.

"मिस्टर थर्मन," गारलंड शेवटी म्हणाला, "इथे खालून धरा. वाकू देऊ नका."

ते गुडघ्यावर बसले. "इथे?"

"जरा डावीकडे. तुमच्या चांगल्या तळव्याच्या बाजूला."

थर्मन नाकातून हसले. स्क्रू किरकिरत फिरला आणि सुटला. चौथा सहज निघाला. पाटी गारलंडच्या हातात आली. तिच्यामागे ट्रकवर तेवढाच चौकोन उरला होता, वीस वर्षं ऊन न लागलेला, मूळ रंगाचा, गर्द हिरवा.

"असा रंग होता होय याचा," आई म्हणाली.

गारलंडने पाटी फडक्याने पुसली, पुढून, आणि पहिल्यांदाच मागूनही. "हिचं काय करतात?"

"उद्या सकाळी मी कोपरा कापणार. मग नोंद करायची. बाकीची ठेवायला देता येते, कोणाला हवी असेल तर. गाडीला लावायची नाही, एवढंच."

"तसं मला नको. कापलेली नको." त्याने ती रमोनाच्या हातात दिली. चार स्क्रू मात्र मुठीत राहिले. ते त्याने खिशात टाकले आणि ती काही बोलते का, म्हणून बघितलं.

"स्क्रूंबद्दल नियम नाही," ती म्हणाली.

बिनपाटीचा ट्रक रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून तिने तात्पुरता कागदी परवाना आणला होता. शुक्रवारीच तो भरला होता, एक रकाना सोडून.

"नाव काय लिहू, आई?"

आईने थर्मनकडे बघितलं, मग टेकडीवरच्या तिसऱ्या ओळीकडे. "डेल्फा स्टिडम गेंट्री. तिन्ही लिही. जागा कमी पडली तर अक्षर बारीक काढ."

केक संपेपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं. काकांनी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा फडक्यात बांधून घेतला. थर्मनला ते काही बोलले नाहीत, पण टेबलाची फळी एका बाजूने उचलताना "धर" म्हणाले, आणि थर्मननी धरली.

रमोना सगळ्यांच्या शेवटी निघाली. पाटी बाजूच्या सीटवर होती. घळीच्या तोंडाशी आईच्या घरासमोर गारलंडची गाडी दिसली, म्हणून ती थांबली. आई थर्मनबरोबर पडदे मोजायला त्यांच्या घरी गेली होती. घर बंद होतं. गारलंड ट्रेलरच्या पायरीवर बसला होता. शेजारी पाकीट, न उघडलेलं, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून ते चार स्क्रू.

"उद्या कचेरी किती वाजता उघडते?" त्याने विचारलं.

"आठला. पण हे माझ्याकडे नाही. वरच्या मजल्यावर सैनिकांच्या कामाची बाई असते. तिला द्यायचं. ती पुढे पाठवते."

"ती वाचते?"

"तिला वाचावं लागतं."

"तू नको वाचूस."

"नाही वाचणार."

"मी पण नाही. आत्ता तरी." त्याने एक स्क्रू उचलून पुन्हा होता तिथेच ठेवला. "येईनच असं नाही. आलो तर आठला येईन."

'बघू' असं म्हणायचं तिच्या तोंडावर आलं. तिने तो शब्द गिळला. "मी पावणेआठला दार उघडते," ती म्हणाली.

जाताना तिला ओट्यावरची खिडकी दिसली. बोटभर उघडी होती. बंद घराची खिडकी अशी ठेवून जाणं रमोनाच्या स्वभावात नव्हतं. पाऊस आला तर ओटा भिजणार, खारी आत शिरणार. ती जोत्यावर चढली आणि तिने काचेच्या चौकटीला हात लावला.

"मोना," गारलंड मागून म्हणाला. "असू दे तशीच."

तिने हात काढून घेतला.